उशीवरचा चेहरा

"आधी तो रंधा खाली ठेवा," खालच्या कॅफेची मालकीण मादाम रूसेल दारातूनच म्हणाली.

अँसेल्म सुताराने मान वर केली नाही. "शाल मागतेय ना परत? कालच नेऊन दिली होती. दवाखान्यातसुद्धा थंडी हिलाच वाजते."

"ठेवा ना तो रंधा. दवाखान्यातूनच फोन होता."

तेव्हा त्याला कळले. त्याची बायको सोलांज गेली होती.

सोलांज आपली स्वप्ने चित्रपटात उतरवायची. पाच-सहा मिनिटांचे मुके चित्रपट. मोंपार्नास वस्तीतल्या एका क्लबात मूठभर माणसे ते बघत, आणि त्यांतली निम्मी शिट्ट्या मारत. शेतात एकटे उभे असलेले दार, वाळू सांडणारे कपाट, असले सगळे अँसेल्म बनवून द्यायचा.

"याचा अर्थ काय गं?" तो विचारायचा.

"अर्थ कळला असता तर चित्रपट कशाला काढला असता, वेड्या?"

ती स्वतः कधीच पडद्यावर आली नाही, कायम कॅमेऱ्यामागे. एकदाच, दवाखान्यात जाण्याच्या थोडे आधी, ती उशीवर डोळे मिटून पडली आणि कॅमेऱ्याचा दांडा तिने अँसेल्मच्या हाती दिला.

"हळू फिरव! कॉफी दळतोयस का?" ती मिटल्या डोळ्यांनीच ओरडली होती.

मग काळ्या कापडाखाली हात घालून तिने फिल्म पुन्हा सुरुवातीला आणून ठेवली. तिची पद्धतच ती. एकदा चित्र घेतलेल्या फिल्मवरच पुन्हा दुसरे चित्र घ्यायचे, म्हणजे दोन्ही एकमेकांत विरघळतात. दुसरे कोणते, ते घेईपर्यंत ती कोणाला सांगत नसे.

अंत्ययात्रेचे चित्रण करायला तिची मैत्रीण बर्ट तोच कॅमेरा घेऊन आली. अँसेल्मला वाटले, तिने नवी फिल्म भरली असेल.

फिल्म धुऊन आली तेव्हा बर्ट अँसेल्मच्या कारखान्यात येऊन नुसतीच उभी राहिली.

"काय झालं पोरी? बोल की."

"कॅमेऱ्यावरचा फिल्मचा आकडा शून्यावर होता हो. मला वाटलं, कोरीच आहे."

अँसेल्मने हातातली पट्टी ठेवली. "तिचा चेहरा गेला?"

"गेला नाही. पण तुम्ही बघाच."

तिने खिडकी झाकली, भिंतीवर चादर लावली आणि सोबत आणलेले फिल्म दाखवायचे यंत्र सुरू केले. सोलांज झोपलेली होती. तिच्या कपाळावरून शवगाडीचे काळे घोडे गेले. गालावरून माणसांचे पाय चालले. मग हातात टोपी घेऊन अँसेल्म आला, तिच्या मिटल्या पापण्यांजवळून खाली मान घालून जाऊ लागला. नेमके तेव्हाच तिचे ओठ हलले.

"काय म्हणतेय ती?" बर्टने विचारले.

"मला रागावतेय."

चादर पांढरी झाली.

"वरचं काढता नाही येणार?" अँसेल्मने विचारले. "लाकडावरचा रंग मी खरवडून काढतो, तसं?"

"नाही हो. आता दोन्ही एकच झालंय." बर्टने डोळे पुसले. "क्लबातले म्हणतात, दाखवा. तिचं सगळ्यात चांगलं काम हेच, म्हणतात."

"त्यांना काय जातंय म्हणायला! तिचं फक्त खालचं आहे. वरचं आपलं."

"मग तिला वर काय घ्यायचं होतं?"

अँसेल्मने चादर उतरवली, घडी घालायला लागला, मग तशीच बाकावर टाकली.

"माहीत नाही," तो म्हणाला.

त्या चेहऱ्यावर सोलांजला दुसरे काहीतरी घ्यायचे होते. ते घ्यायचे राहिले.