मायाक्काची घोंगडी

मी घोंगडी बोलतेय. जतच्या धुळा मेंढपाळाच्या मेंढ्यांची लोकर, सणगराच्या मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ लावून कडक केलेली. धुळाची लेक मायाक्का जन्मली त्याच आठवड्यात मी घरात आले. म्हणजे पोर हक्काने माझीच.

पोर जरा धावली की दमायची, ओठ-नखं निळी पडायची, मग मटकन उकिडवी बसायची. "थंडी बाधली गं बाई!" म्हणत तिची आई साळूबाई मला घेऊन पळत यायची. भर चैत्रातसुद्धा! पोर घामाने भिजायची, तरी मी आणखी घट्ट बिलगायचे. माझ्यावाचून हिचं कसं होणार, अशी मला भारी मिजास होती.

१९९४ साली, सहा वर्षांची पोर चक्कर येऊन पडली. धुळाने तिला माझ्यात गुंडाळून एस.टी.ने सांगलीला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला सारलं आणि गळ्यातली रबरी नळी पोरीच्या उघड्या छातीला लावली. लावली ती लावलीच! माझा नुसता तिळपापड झाला. सहा वर्षं त्या छातीवर मी निजले, आणि ही कालची सवत तिच्याशी गुजगोष्टी करणार?

"थंडी नाही हो ही," बाई म्हणाल्या. "हिच्या हृदयात जन्मापासूनच दोष आहे. आत छिद्र आहे. ऑपरेशन करावं लागेल."

"आन् न्हाई केलं तर?" धुळाने विचारलं.

"मग पोर फार वर्षं काढायची नाही."

"आमी निस्तं पांघरूण घालत बसलो की वं," साळूबाई म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते काळीज मी सहा वर्षं ऐकलं, मला काही उमगलं नाही. त्या नळीला घटकेत उमगलं. म्हणून तर जास्तच जळले.

ऑपरेशन पुण्याला झालं. दाराबाहेर साळूबाई मला मुठीत पिळत बसली होती, आणि तसलीच एक नळी मात्र आत, पोरीजवळ.

पौषात पोर घरी आली. कडाका होता, साळूबाईने सवयीने मला पांघरलं. पोरीने लाथेनं मला उडवलं. "आये, लय उकडतंय!"

साळूबाईने तिची नखं पाहिली. गुलाबी! ती हसता हसता रडायला लागली. मी मातीत पडले होते, मला कुणी उचललंही नाही.

आता मला कोकरांखाली अंथरतात. मी अजून जळते, खोटं कशाला बोलू? पण तुमचं लेकरू निळं पडलं, दमून उकिडवं बसलं, तर त्याला माझ्यात गुंडाळू नका. आधी त्या रबरी सटवीकडे न्या.