रातकिड्यांची घट

वनखात्याचे निरीक्षक दरवर्षी ठरलेल्या आठवड्यात, दिवेलागणीला, कालव्याच्या काठाने चालत आणि आवाजावरून रातकिडे मोजत. आकडा वर्षागणिक उतरत होता. त्यावरूनच खात्याने ध्येय ठरवलं होतं, की पाच वर्षांत ही घट थांबवायची. निरीक्षकांच्या जिवाला त्याचा घोर लागला होता.

यंदा गुडघा धरला, म्हणून बायको आधाराला सोबत आली. पुलापाशी ते म्हणाले, "बघ, कशी स्मशानशांतता आहे."

"काय म्हणालात? मोठ्यानं बोला," ती ओरडली. "या किरकिरीनं कान किटले माझे!"

निरीक्षकांनी मोजणीची वही मिटली.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "वयामुळे बारीक आवाज आधी जातात. बाकी तब्येत ठणठणीत आहे."

मग मोजणी बायकोने केली आणि निरीक्षकांनी नुसता कंदील धरला. नवा आकडा पाहून खातेप्रमुख खुर्चीतून उठलेच.

"अभिनंदन! आपण ध्येय मुदतीआधीच गाठलं!"

"रातकिडे वाढले नाहीत, सर. माझे कान गेलेत."

"मग आजवरची घट?"

"थोडी त्यांची, थोडी माझी. कोणाची किती, ते आता सांगता यायचं नाही."

प्रमुखांनी ध्येय मागे घेतलं आणि आवाज टिपणारं यंत्र मागवलं. मोजणी पहिल्यापासून सुरू होणार होती.

परतताना बायकोने विचारलं, "वाईट वाटतंय?"

"वाटतंय तर. पण इतकी वर्षं मी त्यांना जिवंतपणी मारत होतो, त्यापेक्षा हे बरं."