गर्दी मोजणारी बाज

मी एक बाज बोलतेय. दचकू नका, मंडळी. इतकी वर्षं तुमचं घोरणं आम्ही बाजांनी ऐकलं, आता घटकाभर माझंही ऐका.

आकुर्डीच्या दत्तोबा सुतारानं मला बाभळीतून घडवलं. गेनबानं विकत घेतलं, उन्हाळाभर अंगणात वापरलं आणि सुंभ तुटल्यावर भिंतीला टेकवलं, ते टेकवलंच. माणसाची माया पाठ टेकेपर्यंत!

छप्पन साली पिंपरीत एक नवा कारखाना निघाला. फाटकाबाहेरच्या बोळात गेनबाच्या बायकोनं, कुशाबाईनं, भज्यांचं दुकान मांडलं. भोंगा झाला की बोळात मुंगीला वाट मिळेना. कारखान्याचे ओव्हरसियर यशवंतराव म्हणाले, "बाई, तुमच्या कढईपायी माणसं चेंगरतात. दुकान उठवा."

"सायब, गर्दी म्हंजेच माजं गिऱ्हाईक. त्येच्यासाठी उठवता व्हय?"

साहेब न्यायाचे. "मोजून बघू. बोळात एक चौकट टाकू. तिच्यात एकावेळी चारांहून जास्त माणसं दिसली, तर उठायचं."

चौकट कुठून आणायची? गेनबानं मोठ्या उदारपणे मला दिलं! माझे पाय काढले, लांबून दिसावं म्हणून लाल रंग फासला आणि बोळाच्या मधोमध आडवं टाकलं. कुशाबाईनं नवऱ्याकडे असं पाहिलं, की चुलीशिवाय तेल तापावं. मग गुपचूप माझ्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, मध्ये झेंडूचं फूल ठेवलं.

भोंगा झाला. पुढं मालोजी फिटर. मला पाहून थबकला, हात जोडले आणि वळसा घालून गेला. मग मागचे कशाला मागं राहतील?

"अहो, आत पाय ठेवा!" साहेब ओरडले.

"देवाच्या जागंत? तुमीच ठेवा, सायब!"

पण वळसा घेणारा लोंढा थेट दुकानावर! फळी कलली, पीठ सांडलं. कुशाबाईनं भज्यांची परात उचलली आणि माझ्यात उडी घेतली. पाठोपाठ साहेबही ढकलले गेले. साऱ्या बोळात उभं राहायला तेवढीच जागा उरली होती.

मोजणी लिहून घेणाऱ्या शिपाई ज्योतीरामनं लांबून विचारलं, "साहेब, किती धरू?"

साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. "दोन," ते खजील होऊन म्हणाले. शब्दाला जागणारा माणूस.

कुशाबाई जिंकली होती, पण हसली नाही. चेंगरणं म्हणजे काय, ते तिच्या बरगड्यांना कळलं होतं. "सायब, दुकान काय मी उठवत न्हाई. पर उद्यापास्नं बोळाच्या भायेर, चिंचंखाली मांडते."

आता मीही तिथंच असते. पाय पुन्हा बसवलेत, नवा काथ्या विणलाय. मालोजी अजून नमस्कार करूनच टेकतो. तुम्हीही या, बसा. नमस्काराची गरज नाही. फक्त भजी खाल्ल्यावर तेलकट बोटं तेवढी माझ्या काथ्याला पुसू नका.