पाच वारांचं शाणपण

माझ्या धाकट्या भणीची, राजमतीची पोरगी सुरेखा. साताऱ्याला मास्तरीण व्हायचं शिकाय गेली आणि सा म्हैन्यांत व्हती ती अक्कलबी तिथंच ठिवून आली.

तिथं कुणी चारुलताबाई म्हणून व्हत्या. त्या म्हणं पोशाखाचा धडा द्यायच्या. कासोट्यात बाई गावंढळ दिसती, गोल पातळात सुधारल्याली दिसती. आमच्या आया कासोटा घालूनच हळद काढत्यात, पोरं वाढवत्यात, ते गेलं चुलीत. सुरीला पटलं. आरशाम्होरं उभी राहून मला म्हणायची, "मावशे, मी किती अडाणी दिसत व्हते गं." आगं, आता तरी कुठं शाणी दिसतीस?

शेचाळीस साल ते. कापड रेशनवर, नवं लुगडं दृष्टीला पडंना. राजमतीपाशी बरं म्हणावं असं एकच इरकली, नऊ वारी. माझ्या लेकाच्या, जिनपालच्या लग्नाला नेसायचं म्हणून जपल्यालं. एकुलता एक भाचा, सालभर तिच्या तोंडात दुसरी गोष्ट नव्हती. सुरीनं परीक्षेला नेसाय मागितलं, तिनं दिलं. भोळी बाई, दुसरं काय.

लग्नादिशी सांगलीच्या मांडवात सुरी एकटीच आली. तेच इरकली, गोल नेसल्यालं. म्या काठ हातात धरून बघितला. पदराकडचं पाच वार कापून घेतलं व्हतं सटवीनं.

"आई कुठाय?"

"न्हाई आली. नेसाय काय हाय तिला? आणि मावशे, ती चारचौघांत बरी दिसत न्हाई."

थोबाडात द्यावी वाटली. पण व्याही समोर बसल्यालं.

दुसऱ्या दिशी लाडू बांधून राजमतीच्या गावी गेले. तिच्या अंगावर ठिगळांचं लुगडं. उरल्यालं चार वार घडी घालून पेटीत ठिवलं व्हतं. मला निरोप धाडला असता तर माझं एक लुगडं दिलं नसतं व्हय? पण लेकीनं काय केलं ते उघडं पडंल म्हणून गप बसली.

लाडवाकडं तिनं बघितलंबी न्हाई. म्हणाली,

"अक्का, सुरी कशी दिसली गं? शिकल्याली वाटली का?"

आणि म्या, थू माझ्या तोंडावर, म्हटलं, "लय झ्याक दिसली."