आतापर्यंतची यादी

मी एक जुना टेप आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर माझ्या पोटात कॅसेट कधीच गेली नाही. मला लागतो पेनड्राइव्ह. पण ट्रेलर चालवणाऱ्यांच्या तोंडी टेप हाच शब्द बसलेला आहे, तेव्हा मीही तो आपला मानला.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. माझी पहिली आठवण कळंबोलीतल्या परेशभाईंच्या दुकानातली आहे. काचेच्या कपाटात एका बाजूला हॉर्न, दुसऱ्या बाजूला रंगीत गोंडे आणि मध्ये मी. नऊ वर्षांपूर्वी एका रविवारी जगन तिथे आला. जगन गव्हाणचा. न्हावा शेवाच्या बंदरातून कंटेनर उचलायचा आणि पार इंदूरपर्यंत नेऊन सोडायचा, हे त्याचं काम. ट्रेलर शेठचा होता, पण मला जगनने स्वतःसाठी घेतलं. सोबत त्याची बारा वर्षांची मुलगी मनस्वी होती. परेशभाई एक मोठा चकचकीत टेप पुढे करत होते. तिने बोट दाखवलं माझ्याकडे.

"पप्पा, हा घे. याचं बटन मोठं हाय. चालवताना बघायला लागनार नाय."

असा मी जगनच्या केबिनमध्ये आलो. पहिली दोन वर्षं मी हळदीची आणि लग्नाची गाणी वाजवली. जगन स्टिअरिंगवर ताल धरायचा. त्याचा फोनही माझ्याशी जोडलेला असायचा, त्यामुळे गाडी उभी असली की घरचे आवाज माझ्यातूनच केबिनमध्ये यायचे. त्याची बायको रंभा रोज एकच प्रश्न विचारायची, "गाडी कुठवर आली?" जगन सांगायचा ते ऐकून ती तांदूळ धुवायला घ्यायची की नाही ते ठरवायची.

मग मनस्वी चौदा वर्षांची झाली आणि पेनड्राइव्ह भरायचं काम तिने आपल्याकडे घेतलं. एक दिवस जगनने बटण दाबलं आणि माझ्यातून धडाधडा शब्द बाहेर पडले. हिंदी, पंजाबी, मराठी, इंग्रजी. जगनने ताबडतोब घरी फोन लावला.

"मनू, हे काय भांडन भरून दिलंस?"

"भांडन नाय पप्पा, रॅप हाय. अख्खा अल्बम ऐक. मधूनच सोडू नको."

बंदराबाहेरच्या रांगेत ट्रेलर सहा सहा तास उभा राहतो. ऐकण्यावाचून त्याला दुसरा उद्योगच नव्हता. पहिल्या फेरीत तो वैतागला. दुसऱ्या फेरीत गप्प बसला. तिसऱ्या फेरीनंतर त्याने पुन्हा फोन केला. "त्या चौथ्या गान्यातल्या पोराची आय गेली ना? मग तो एवढा फुशारक्या का मारतो?"

पलीकडे मनस्वी टाळी वाजवून हसली. मग म्हणाली, "पप्पा, तुना कलतंय रे!"

त्या दिवसापासून त्यांचा खेळ सुरू झाला. ती अल्बम निवडायची, तो रांगेत ऐकायचा आणि निकाल द्यायचा. निकाल खरा द्यायचा, लाडाने नंबर वाढवायचा नाही, असं ठरलं होतं. वर्षाच्या शेवटी दोघं मिळून पाच अल्बमची यादी करत आणि मनस्वी ती केबिनच्या छतावर मार्करने लिहीत असे. ट्रेलर तेव्हा घराजवळच्या रस्त्यावर उभा असे. रंभा खालून ओरडायची, "बापलेकींची बडबड झाली असंल तं जेवाया या!"

मित्रांनो, आता जे सांगणार आहे ते मला सांगायला जड जातं.

मनस्वी पंधरा वर्षांची असताना रंभा आजारी पडली. पनवेलला इस्पितळात दीड महिना काढून ती घरी आली होती आणि थोडी सुधारतही होती. म्हणून जगन पुन्हा गाडीवर आला. ऑक्टोबरमधली एक दुपार होती. आमच्या पुढे साठेक ट्रेलर, मागे तेवढेच. फोन वाजला. मनस्वीचा आवाज होता. "पप्पा, आय कशीतरी करतंय. लवकर ये."

त्या रांगेत ट्रेलर वळवता येत नाही. पुढे जाता येत नाही की मागे येता येत नाही. जगनने दार उघडलं आणि खाली उडी मारली. मी तसाच वाजत राहिलो. मला बाजूच्या आरशातून दिसत होतं. तो ट्रेलरांच्या कडेकडेने पळत होता, चपला हातात घेऊन. पुढे तो दिसेनासा झाला. बऱ्याच वेळाने मागच्या गाडीचा ड्रायव्हर वर चढला आणि त्याने मला बंद केलं.

जगन चौदा दिवसांनी परत आला तेव्हा त्याच्या डोक्यावर केस नव्हते. तो कुठपर्यंत पळाला होता हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. घरच्यांची समजूत होती की तो रांगेतच अडकून पडला होता. मला एवढं ठाऊक होतं की तो निघाला होता. पण मी वाजणारं यंत्र. जे माझ्यात भरलेलं असतं तेच मी बोलतो.

त्यानंतर त्यांची यादी डिसेंबरऐवजी जूनमध्ये होऊ लागली. "वरीस पुरं व्हायची वाट नको बघू," जगन म्हणाला. "आतापर्यंतची करू." मनस्वी बरं म्हणाली. पाच वर्षं ती दोघं फोनवर अल्बमबद्दल तासन्‌तास बोलली. कुणाचा ठेका उसना आहे, कुणाचा राग खरा आहे, कोण नुसता यमकं जुळवतो. रंभाचं नाव मात्र एकदाही माझ्यातून गेलं नाही. कधी कधी दोघंही एकदम थांबायची. मला वाटायचं, आता बोलतील. मग जगन खाकरायचा आणि म्हणायचा, "बरं, पुढचा कोनता?"

गेल्या वर्षी मनस्वीला खारघरला नोकरी लागली. तिथे ती मैत्रिणीसोबत खोली घेऊन राहू लागली. फोनवरची तिची भाषा बदलली. "पप्पा, पेनड्राइव्ह आता कोण वापरतं? मी लिंक पाठवते ना, फोनवर ऐका." ती त्याला 'ऐका' म्हणाली, मित्रांनो. आजवर ती त्याला 'ऐक' म्हणत आली होती. जगन "बरं" म्हणाला. लिंक त्याने कधी उघडली नाही. जुना पेनड्राइव्हच तो फिरवून फिरवून ऐकत राहिला. छतावरच्या याद्यांकडे बघायचा आणि त्यातला एखादा अल्बम लावायचा. त्या दिवसांत मी पूर्ण आवाजात वाजत असूनही केबिन रिकामी वाटायची.

आणि मग या जूनमध्ये मनस्वी स्वतः कळंबोलीच्या पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली. जगन टायर तपासत होता. तिने त्याच्या हातात नवा पेनड्राइव्ह ठेवला.

"यंदाचे सहा अल्बम हायत. ऐक आनि सांग. आतापर्यंतची यादी करू."

"चा पिनार?"

"नको, हापिसातून पलून आले मी," असं म्हणून ती गेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी रांगेत उन्हाने केबिन तापली होती. जगनने ओला पंचा मानेवर टाकला आणि मला सुरू केलं. पहिला अल्बम नागपूरच्या एका मुलीचा होता. तिच्या गाण्यांना ढोल नव्हता की गिटार नव्हती, आईच्या शिवणयंत्राची टकटक होती. जगन डोळे मिटून ऐकत राहिला. दुसऱ्यात एक गडी फक्त आपल्या गाड्यांबद्दल सांगत होता. "एवढ्या गाड्या हायत याच्याकडं," जगन पुटपुटला, "पन एकपन चालवत नसनार. गान्याला डिझेलचा वासच नाय." तिसरा एका पन्नाशीच्या माणसाचा होता. त्याला कसली घाई नव्हती. तो दुखणाऱ्या गुडघ्यांबद्दल आणि गेलेल्या मित्रांबद्दल सावकाश बोलत होता. चौथा इंग्रजी. त्यातला एकही शब्द जगनला कळला नाही, तरी शेवटी तो म्हणाला, "रडू येतंय याला, पन येऊ देत नाय." पाचवा त्याने मान हलवत संपवला.

सहाव्याला नाव नव्हतं. पाचच गाणी होती. पहिली ओळ आली,

"'हाय' बोलले वर्गात, तवा हसले सगले,
'आहे' बोलाया शिकले, झाले ओठच वेगले."

जगन हसला. "अरे, ही तं आपल्याकडची!" मी तिला पहिल्याच शब्दाला ओळखलं होतं. इतकी वर्षं तिचा आवाज माझ्यातूनच गेलेला. जगनला पहिलं कडवं संपेपर्यंत वेळ लागला. मग तो सरळ होऊन बसला.

तिसरं गाणं रंभाच्या शेवटच्या दुपारचं होतं. मागे काही वाजत नव्हतं, फक्त भांड्यावर बोटं आपटल्यासारखा आवाज. आई अंथरुणातून पुन्हा पुन्हा विचारते, गाडी कुठवर आली? मुलगी फोन लावते. पप्पा उचलत नाही. आई पुन्हा विचारते. मुलगी सांगते, गव्हाण फाट्यावर आली, आय. पाच मिनटं. आई मान हलवते आणि डोळे मिटते. मुलगी गाते, मी खोटं बोलले, आणि त्याच खोट्यावर माझी आय निजली.

जगनने मला बंद केलं. दोन दिवस त्याने मला हात लावला नाही. मागून हॉर्न वाजले तरी कधी कधी त्याला ऐकू येत नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्याने उरलेली दोन गाणी ऐकली, कळंबोलीला आला आणि मनस्वीला बोलावून घेतलं. ती पाच वाजता आली. वर चढली आणि शेजारच्या सीटवर पाय जवळ घेऊन बसली. तिची मैत्रीण ऋचा हिने ही गाणी खोलीतच रेकॉर्ड केली होती आणि शुक्रवारी ती नेटवर सगळीकडे टाकायची असं दोघींचं ठरलं होतं.

"पन तू नाय म्हनालास तं तिसरं गानं काढीन मी," मनस्वी म्हणाली. "सांग, यादी सांग."

जगनने बोटं मोजली. "पयला नंबर, ती शिवनाच्या मशीनवाली. दुसरा, तो गुडघेदुखीवाला. तिसरा, बिननावाचा."

"तिसरा?"

"दुसऱ्या गान्यात शिव्या कशाला घातल्यास? तुना येत नाय. उसन्या वाटतात. आनि शेवटचं गानं गुंडाललंस."

मनस्वी हसली. "गुंडाललं. दमले व्हते. आनि तिसरं गानं?"

जगन समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "गाडी फाट्यावर आली असं तू सांगितल्यावर ती काय बोलली?"

"ते गान्यात नाय घातलं मी."

"म्हनून तं इचारतंय."

मनस्वीने ओढणीचं टोक मुठीत धरलं. "बोलली, आल्या आल्या त्याला आधी वाढ. सकालपासून काय खाल्लं नसंल त्यानी."

जगनने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. त्याचे खांदे हलत होते. मनस्वीने आधी हात पुढे केला, मग मागे घेतला, मग त्याच्या पाठीवर ठेवला. बाहेर कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.

"गाडी सोडून निघालतो मी," जगन डोकं न उचलता म्हणाला.

"काय?"

"रांगेत सोडली गाडी. फोन सीटवर ऱ्हायला. करळ फाट्यापर्यंत पोचलो व्हतो, पलत. तिथं आपल्या गावचा बालू भेटला, मोटरसायकलवर. तो मनाच शोधाया आलता. तोंड बघूनच समजलं मना."

"सहा वर्षं झाली, पप्पा. एकदापन बोलला नाय."

"पोचलो नाय ना मी. अर्ध्या वाटंचं काय सांगायचं कुनाला?"

मनस्वी रडू लागली. पंधराव्या वर्षापासून तिला वाटत होतं की बाप गाडीत बसून राहिला. तो मात्र समजत होता की रंभा त्याची वाट बघत गेली.

डोळे पुसून ती म्हणाली, "बदलू का गानं? करळ फाटा करू?"

जगनने थोडा विचार केला. "नको. तिना गव्हाणच सांगितलंस ना? मग तेच ऱ्हाऊ दे."

शुक्रवारी गाणी बाहेर आली. फार गाजली असं नाही. गव्हाणच्या पोरांनी फोनवर लावली, खारघरच्या एका कार्यक्रमाला मनस्वीला बोलावणं आलं. जगनची बहीण शशिकला मात्र महिनाभर रुसली होती. "घरातलं मरन गान्यात घालतात का?" असं तिने फोनवर विचारलं. जगन म्हणाला, "घरात बोलता आलं नाय ना, शशी."

त्यानंतर तो माझ्यावर तिसरं गाणं कितीदा तरी लावायचा. संपलं की केबिनमध्ये रंभाबद्दल एकटाच काहीबाही बोलायचा. ती मासे कशी निवडायची, कशावरून चिडायची. फोनवर मनस्वी असली की तीही भर घालायची.

दिवाळीनंतर शेठनी तो ट्रेलर भंगारात काढला. नव्या गाडीला हातभर स्क्रीन आहे, तिला माझी गरज नाही. जगनने स्वतः माझे स्क्रू काढले, वायरी गुंडाळल्या आणि मला गव्हाणच्या घरी आणलं. आता मी फळीवर असतो. माझा डावा स्पीकर बसला आहे. जगन दहा-दहा दिवस बाहेर असतो, मनस्वी खारघरला. मला त्या तापलेल्या केबिनची आठवण येते. गाणं संपल्यावर कुणीतरी "आता सांगतो तुना," असं म्हणायचं, त्याची फार आठवण येते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्रावरची धूळ अधूनमधून पुसत जा. गाणं लावलंत तर मध्येच तोडू नका, शेवटचंही ऐका. आणि घरातल्या कुणाशी बोलायचं राहिलं असेल, अर्ध्या वाटेचंच असेल, तरी सांगून टाका. मी सगळं पाहिलं होतं, पण माझ्याजवळ स्वतःचा शब्द नव्हता, म्हणून मी सहा वर्षं गप्प राहिलो. तुम्हाला तर बोलता येतं.