पंच आंधळा नव्हता

फुटबॉलच्या पंचाला शिव्या फुकट मिळतात. या पंचाला सगळे शिट्टी म्हणत, आणि शिट्टीने त्या वर्षानुवर्षं पचवल्या होत्या. पण त्या रविवारी मैदानाबाहेरून बोंबलणारा त्याचा सख्खा मेहुणा होता. "भावोजी, चेंडू आत गेला होता! डोळे आहेत की बटणं?"

बायकोही भावाच्याच बाजूने. "तपासून घ्या ना एकदा. हल्ली डोकंही धरून बसता."

"तपासतो! आणि तुझ्या भावाच्या नाकावर टिच्चून तपासतो."

दुसऱ्या दिवशी मेहुण्याला साक्षीदार म्हणून फरफटत घेऊन तो डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे हजर झाला. तक्त्यावरची मुंगीएवढी शेवटची ओळ त्याने घडाघडा वाचली, वर कोपऱ्यातलं छापखान्याचं नावही वाचलं. मेहुण्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

मग बाईंनी थेंब घातले. बाहुल्या मोठ्या झाल्यावर भिंगातून आत पाहिलं आणि पाहतच राहिल्या. दुसरा डोळा पाहिला. पुन्हा पहिला.

"नजर उत्तम आहे."

"ऐकलंस?" शिट्टी मेहुण्याकडे वळून गरजला.

"पण ब्लडप्रेशर शेवटचं कधी मोजलं होतं?"

"बाई, मी डोळे दाखवायला आलोय."

"तेच पाहतेय. आतल्या पडद्यावर रक्तवाहिन्या उघड्या दिसतात, कुठे कापावं लागत नाही. तुमच्या रक्तदाबाने फुटल्यात. मेंदूकडे जाणारी नसही सुजलीये. डोकं दुखतं का?"

"हा घरी आला की दुखतं."

बाईंनी दंडाला पट्टा आवळला, आकडा पाहिला, दुसऱ्या दंडाला आवळला आणि फोन उचलला. "घरी जायचं नाही. इथून सरळ हॉस्पिटलात."

बाहेर ऊन डोळ्यांत सुयांसारखं घुसलं. थेंबांमुळे सगळं धुरकट. मेहुण्याने त्याचा दंड धरला.

"पायरी आहे, भावोजी."

"दिसतेय," शिट्टी म्हणाला आणि धडपडला.

हॉस्पिटलात कळलं, मूत्रपिंडांनीही गुपचूप संप पुकारायला घेतला होता. आणखी थोडे दिवस गेले असते, तर ती तरी कायमची बंद पडली असती, नाहीतर अर्धांगवायूचा झटका आला असता. शिट्टीची बोबडी वळली. "मेलो असतो रे मी."

"मैदानात मेला असतात, तर मॅच पुन्हा खेळवावी लागली असती," मेहुणा म्हणाला, आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ नाक शिंकरत राहिला.

औषधांनी दाब हळूहळू उतरला, मूत्रपिंडं बरीचशी सावरली. जेवणातलं मीठ मात्र जवळजवळ गेलंच. घरी आल्यावर बायकोने सगळ्यांनाच अळणी वाढलं. मेहुण्याने पहिला घास घेतला, तोंड वाकडं केलं, बहिणीचे वटारलेले डोळे पाहिले आणि निमूट ताट संपवलं.

"वाढ गं त्याला आणखी," शिट्टी म्हणाला. "लाजतोय."