डब्याला भ्यालेला चितळ्या

मार्कंड्याजवळच्या आमच्या गावी विहिरीचा खडक फोडायला सुरुंग लावले, त्या उन्हाळ्यापासून चितळ्या आवाजाला भ्यायला लागला. अस्वलावर धावून जाणारा हा कुत्रा आता झाकण पडलं तरी धानाच्या कोठीमागे घुसून थरथरत राही.

आमच्याकडे धान राखायचं म्हणजे डबा बडवायचा आणि कुत्रा सोडायचा. लटारूभावजी, माझे धाकटे दीर, मचाणावरून घासलेटचा रिकामा डबा बडवू लागले, की रानडुकरांच्या आधी चितळ्याच पळून घरी येई. सवय होईल म्हणून त्यांनी त्याला खांबाला बांधून कानाशीच डबा बडवला. त्यानं दोरी तोडली.

"याले नदीपल्याड सोडून येतो," भावजी म्हणाले. "डुकरं धान खातेत, हा भाकर खाते. दोघायले मी काऊन पोसू?"

"लोंब्या भरू द्या," त्यांची बायको मनकर्णा म्हणाली. "मंग सोडजा."

"तोवर का शाळेत टाकशीन त्याले?"

"हो. घरात एक तरी शिकंल."

एकदा कांडताना ती मला म्हणाली, "बाई, हा मुसळाले भेत नाई. भुई हादरते, तरी उखळापाशी बसते."

"तांदळाची कणी सांडते ना तिथी."

"तेच तं!"

मी रोज कांडत होते. मला काही हे सुचलं नव्हतं.

मग ती अंगणाच्या पार टोकाला बसून डब्यावर नुसतं बोट वाजवी आणि कणीच्या भाताचा घास टाकी. चितळ्याचे कान भीतीनं मागे पडले, की ती त्या दिवशी तिथंच थांबे. बोटानंतर पळी, पळीनंतर काठी. कुत्र्याची पूजा मांडली का, म्हणून शेजारणी हसत. मीही हसे. ती आपली वाजवत राही. धान निसवून लोंब्या बाहेर आल्या तोवर डबा खणखणला की चितळ्या शेपूट हलवत हजर.

एका सांजेला आम्ही दोघी शेतावर असतानाच डुकरं धानाच्या बांधीत शिरली. भावजींनी डबा बडवला. चितळ्या धावला तो थेट मचाणाखाली, आणि तोंड वर करून बसला.

"घास मागून राह्यला!" भावजी ओरडले. "बरं शिकवलंस! तिकडं डुकरं जेवतेत, आता याले वाढू? उद्याच सोडतो."

मनकर्णानं पदर खोचला, मचाणाच्या शिडीवर चढून त्यांच्या हातून डबा ओढून घेतला आणि उतरून तो बडवत धुऱ्यावरून, बांधीच्या मातीच्या वरंब्यावरून, सरळ डुकरांकडे चालू लागली. सुळ्यांसमोर डबा घेऊन जाणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. चितळ्या आधी डब्यामागे होता, मग डब्याच्या बरोबर. डुकरांचा वास नाकात शिरला तसा भुंकत पुढं सुटला. सारा कळप जंगलात पांगला. तिनं तिथंच चिखलात उभं राहून पदराच्या गाठीतला भात त्याला चारला.

"राहू दे मंग याले," भावजी खाली उतरून म्हणाले. "पण रोज असं चालायचं कोणं?"

तिनं डबा त्यांच्या हाती दिला. "तुमी मचाणावर बसून बडवाल तं त्याले कसं समजंल, डुकरं कुठी हायेत ते?"

दुसऱ्या सांजेला बंडीच्या खिशात भाताचा गोळा घेऊन भावजी डबा बडवत धुऱ्याधुऱ्यानं निघाले. चितळ्या त्यांच्या पुढं. मचाण रिकामंच होतं, म्हणून आम्ही दोघी जावा वर जाऊन बसलो.